‘माय आधार’ सेवा: नोंद पाहायला सोपी, दुरुस्त करायला अवघड

शासनाने आपल्याविषयी ठेवलेली नोंद पाहता येते का, ती कोणी केव्हा वापरली हे कळते का, चूक असल्यास ती सुधारून घेता येते का आणि गैरवापर झाल्यास दाद मागता येते का, हे प्रश्न समोर ठेवून भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाच्या ‘माय आधार’ या संकेतस्थळाचे हे परीक्षण केले आहे. बहुतेक लोक तेथे ई-आधार उतरवून घेण्यासाठी किंवा पत्ता बदलण्यासाठी जातात आणि काम झाले की बाहेर पडतात. त्यामुळे या संकेतस्थळाची खरी उपयुक्त बाजू, म्हणजे स्वतःच्या नोंदीवर लक्ष ठेवण्याची सोय, वापराविना पडून राहते. मी स्वतःच्या आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या नोंदी तेथे नियमित पाहते. इतर कोणत्याही सरकारी दप्तरात सामान्य माणसाला आपल्या नोंदीचा वापर इतक्या सहज तपासता येत असल्याचे माझ्या पाहण्यात नाही, हे सुरुवातीलाच नमूद करते. नोंद सुधारण्याच्या आणि दाद मागण्याच्या बाबतीत मात्र माझे मत इतके अनुकूल नाही.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेव्हा या योजनेमागे संसदेचा कायदा नव्हता. तो २०१६ मध्ये आला. त्या कायद्यातील तीन कलमे प्रत्येक आधारधारकाने माहीत करून घ्यावीत अशी आहेत. कलम २८ नुसार बोटांचे ठसे आणि बुबुळांची प्रतिमा यांसारखी मूळ बायोमेट्रिक माहिती वगळता आपली ओळखविषयक माहिती प्राधिकरणाकडून मागता येते. कलम ३१ नुसार तिच्यात बदल करण्याची विनंती करता येते. आणि कलम ३२ आपल्या प्रमाणीकरणाची, म्हणजे आधारवरून आपली ओळख कोणी केव्हा तपासली याची, नोंद मिळवण्याचा हक्क देते. धर्म, जात, वंश, भाषा, उत्पन्न आणि आरोग्याचा इतिहास यांना लोकसांख्यिक माहितीत, म्हणजे नाव, पत्ता, जन्मतारीख यांसारख्या तपशिलांत, स्थान नाही, हेही त्याच कायद्याच्या व्याख्येत लिहिलेले आहे. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, आणि २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा कायम ठेवताना त्यातील काही तरतुदी रद्द केल्या व काही आक्रसून घेतल्या. संकेतस्थळावरील प्रत्येक बटणामागे हा कायदा आणि हे निकाल उभे आहेत, म्हणून त्याचे मोजमाप सोयीबरोबरच हक्काच्या पट्टीनेही झाले पाहिजे.

प्रवेशासाठी आधार क्रमांक, चित्रातील अक्षरे आणि नोंदवलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी एवढे पुरते. मराठीत वापरण्याची सोय आहे. येथे पहिलीच अडचण येते ती मोबाईल क्रमांकाची. ज्यांनी क्रमांक कधी जोडलाच नाही, ज्यांचे जुने सिम बंद पडले, किंवा ज्यांनी नोंदणीच्या वेळी शेजाऱ्याचा वा केंद्रचालकाचा क्रमांक दिला, त्यांना स्वतःच्या नोंदीचे दार बंद असते. क्रमांक पहिल्यांदा जोडायचा तर ते काम या संकेतस्थळावर होत नाही. खेड्यापाड्यांतील वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत घरात मोबाईल एकच आणि तोही मुलाच्या हाती, ही परिस्थिती आजही सर्वत्र दिसते. म्हणजे कायद्याने व्यक्तीला दिलेला हक्क व्यवहारात मोबाईलधारकाच्या हाती जातो. यावर संकेतस्थळाकडे उत्तर नाही, आणि ते केंद्रावरच शोधावे लागेल. केंद्रात ठसा देऊन आपल्या वापराच्या नोंदींची छापील प्रत मागता आली, तर कलम ३२ चा लाभ मोबाईल नसलेल्यांपर्यंतही पोहोचेल.

आता या सेवेच्या सर्वांत मोलाच्या भागाकडे येते. प्रमाणीकरणाचा इतिहास या विभागात मागील सहा महिन्यांत आपला आधार क्रमांक कोणकोणत्या संस्थेने तपासला ते दिसते. दिनांक व वेळ, तपासणी ठशाने झाली की ओटीपीने, संस्थेचे नाव, व्यवहाराचा सांकेतिक क्रमांक, तपासणी यशस्वी झाली की फसली, आणि फसली असल्यास त्रुटीचा संकेत, एवढा तपशील प्रत्येक ओळीत असतो. एका वेळी जास्तीत जास्त ५० नोंदी दिसतात, म्हणून ज्यांचा वापर जास्त आहे त्यांनी तारखांचे लहान टप्पे पाडून पाहावे. ही यादी वाचण्याची रीत अवघड नाही. रेशन दुकानात लावलेला अंगठा, बँकेतील केवायसी, नवे सिम, पेन्शनरांचा हयातीचा दाखला असे आपले स्वतःचे व्यवहार आधी मनाशी ताडून घ्यावेत आणि उरलेल्या ओळींकडे लक्ष द्यावे. आपण ज्या दिवशी कोठेही अंगठा लावला नाही, त्या दिवशी ठशाने झालेल्या तपासणीची नोंद, मग ती फसलेली का असेना, दुर्लक्ष करण्यासारखी नसते. नोंदणीत ई-मेल पत्ता जोडला असेल तर प्रत्येक प्रमाणीकरणाची सूचना त्या पत्त्यावर येते. ती सोय प्रत्येकाने करून घ्यावी, कारण त्यामुळे यादी तपासण्याची वाट पाहावी लागत नाही.

सहा महिन्यांची मर्यादा पाहून अनेकांना वाटेल की प्राधिकरण माहिती दडवीत आहे. प्रत्यक्षात ही मर्यादा नागरिकांच्या बाजूने आलेली आहे. पूर्वीच्या विनियमांनुसार प्राधिकरणाला या नोंदी पाच वर्षे जपून ठेवता येत होत्या, आणि एखादी व्यक्ती पाच वर्षे कोठे कोठे ओळख पटवत होती याचा असा साठा शासनाच्या हाती असू नये, म्हणून २०१८ च्या निकालाने तो काळ सहा महिन्यांवर आणला. मला हा निर्णय योग्य वाटतो, जरी त्यामुळे उशिरा लक्षात आलेल्या गैरप्रकाराचा माग काढणे कठीण होते. त्यावर एक मार्ग आहे, पण तो संकेतस्थळावर ठळकपणे सांगितला जायला हवा. ज्या बँकेने, कंपनीने किंवा खात्याने आपला आधार तपासला, त्या संस्थेने आपल्याकडील प्रमाणीकरणाच्या नोंदी दोन वर्षे ठेवल्या पाहिजेत आणि त्या काळात आधारधारकाला त्या पाहण्याचा हक्क आहे, असे विनियम सांगतात. म्हणून यादीतील संस्थेचे नाव आणि व्यवहाराचा क्रमांक सहा महिने संपण्यापूर्वी लिहून ठेवावा. संस्थेकडे लेखी मागणी करताना तोच उपयोगी पडतो.

या यादीतील खरी उणीव नावांत आहे. कायद्याच्या कलम ३२ नुसार प्राधिकरणाने प्रमाणीकरणाचा हेतू नोंदवायचाच नाही, त्यामुळे ‘कशासाठी’ या रकान्याची अपेक्षा करणे चूक ठरेल, आणि तो नसणे हेच आपल्या हिताचे आहे. परंतु ‘कोणी’ हे तरी नेमके कळायला हवे. अनेक खाती आणि लहान संस्था मोठ्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली प्रमाणीकरण करतात, आणि यादीत त्या मोठ्या संस्थेचे नाव झळकते. राज्याच्या एखाद्या विभागाचे नाव वाचून सामान्य माणसाला आपला अंगठा रेशन दुकानात लागला की शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी, हे कसे कळावे? त्रुटीचे संकेतही केवळ आकड्यांत असतात. संस्थेचे पूर्ण नाव, उपसंस्था, तिचा तक्रार निवारण अधिकारी आणि संकेताचा मराठी अर्थ, एवढे एका ओळीत दिले तर ही सोय खऱ्या अर्थाने लोकांची होईल. प्रमाणीकरणाचा हेतू न नोंदवताही हे सर्व देणे शक्य आहे.

बायोमेट्रिक कुलूप ही दुसरी सोय मी प्रत्येकाला आग्रहाने सुचवते. ते लावले की ठसे, बुबुळे आणि चेहरा यांपैकी कशानेही आपली ओळख पटवता येत नाही, आणि कोणी प्रयत्न केलाच तर ३३० हा त्रुटीसंकेत मिळतो. आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारात केवळ ठशावर खात्यातून पैसे निघू शकतात आणि ओटीपी लागत नाही. जमिनीच्या खरेदीखतांवरील अंगठ्याच्या ठशांची नक्कल करून अशी फसवणूक झाल्याचे काही राज्यांतील पोलिस तपासांत उघडकीस आले आहे. आपल्याकडे दस्तनोंदणीच्या प्रती सहज मिळतात, हे लक्षात घेता कुलूप लावून ठेवणे शहाणपणाचे आहे. गरजेच्या वेळी ते काही वेळापुरते उघडता येते. दर महिन्याला रेशनसाठी अंगठा लावणाऱ्या घरांना आणि नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देणाऱ्या पेन्शनरांना मात्र आधी कुलूप उघडण्याची आठवण ठेवावी लागते, नाहीतर दुकानात किंवा बँकेत खोळंबा होतो. यापेक्षा वेगळे आणि अधिक कडक असे आधार क्रमांकाचेच कुलूपही आहे, त्यासाठी आधार क्रमांकाऐवजी देता येणारा १६ अंकी आभासी क्रमांक आधी तयार करावा लागतो. हा आभासी क्रमांक आणि पहिले आठ अंक झाकलेले आधार या दोन्ही सोयी चांगल्या आहेत. लॉजमध्ये, भाडेकराराच्या वेळी किंवा कुरिअरसाठी पूर्ण क्रमांकाची झेरॉक्स देण्याची आपली सवय त्यांनी मोडायला हवी.

बँकजोडणीची स्थिती दाखवणारा विभाग दिसायला लहान आहे, पण महाराष्ट्रात त्याचे मोल मोठे आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये असोत किंवा शेतकरी सन्मान निधीचा हप्ता असो, पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातील असे लाभार्थी गृहीत धरतो, आणि थेट हस्तांतरणात ते आधारशी शेवटचे जोडलेल्या खात्यात जातात. २०१७ मध्ये एका मोठ्या दूरसंचार कंपनीच्या पेमेंट बँकेत ग्राहकांच्या स्पष्ट संमतीवाचून खाती उघडली जाऊन गॅसचे अनुदान तिकडे वळल्याचे प्रकरण गाजले, तेव्हा प्राधिकरणाने त्या कंपनीची ई-केवायसी सेवा स्थगित केली होती. आपले अनुदान कोणत्या बँकेत जाणार आहे, हे या पानावर क्षणात कळते. योजनेचा अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येक बाईने ते स्वतः पाहावे.

एवढे सगळे चांगले सांगितल्यावर दुरुस्तीकडे वळावे लागते, आणि येथे ही सेवा महाराष्ट्रातील माणसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, आयुष्याशी जुळत नाही. आयुष्यात नाव दोनदा, जन्मतारीख एकदा आणि लिंगविषयक नोंद एकदाच बदलता येते. आपल्याकडे पूर्ण नावात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात. मुलीची नोंद लग्नापूर्वी वडिलांच्या नावाने झालेली असते. लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलले की एक संधी संपते. घटस्फोटानंतर तिने माहेरचे नाव परत घेतले की दुसरी संपते. त्यानंतर पुन्हा लग्न झाले किंवा केंद्रावर टंकताना अक्षर चुकले, तर तिला अपवाद म्हणून प्रादेशिक कार्यालयाकडे विनंती करत बसावे लागते, आणि महाराष्ट्र व गोव्यासाठी ते कार्यालय मुंबईत आहे. गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातील बाईला हा अपवाद मिळवणे किती जड पडते, याचा विचार मर्यादा ठरवताना झालेला दिसत नाही. फसवणूक टाळण्यासाठी मर्यादा हवी हे मान्य. पण विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा यांच्या आधारे झालेला बदल त्या मोजणीत धरू नये, एवढी सुधारणा सहज करता येईल.

जन्मतारखेचा प्रश्न जुन्या पिढीचा आहे. ज्यांच्या जन्माची नोंद ग्रामपंचायतीत झाली नाही, त्यांना शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख लिहून दिली, आणि महाराष्ट्रात अशी माणसे घरोघरी आहेत. शाळेचे तोंड न पाहिलेल्यांची नोंद तर सांगितलेल्या किंवा अंदाजे वयावर झाली. पुढे निवृत्तिवेतन, विमा, पारपत्र यांच्या कागदांत वेगवेगळ्या तारखा निघाल्या की एकमेव दुरुस्तीची संधी कोणत्या कागदासाठी वापरावी, असा पेच पडतो. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही अशी भूमिका प्राधिकरणानेच घेतलेली असताना, अनेक कार्यालये तरीही आधारवरील तारखेशी मेळ बसला पाहिजे असा हट्ट धरतात, आणि त्याचा भार धारकावर पडतो.

शुल्काबाबतही माझा आक्षेप आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून लोकसांख्यिक बदलासाठी ७५ रुपये आणि बायोमेट्रिक बदलासाठी १२५ रुपये द्यावे लागतात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२२ मध्ये संसदेसमोर आलेल्या अहवालाने दाखवून दिले होते की, नोंदणीच्या वेळी ठसे निकृष्ट दर्जाचे घेतले गेल्यामुळे पुढे तपासणी फसते आणि ते पुन्हा देण्याचा खर्च नागरिकाकडून घेतला जातो. मजुरी करून बोटे झिजलेल्या माणसाकडून, किंवा केंद्रचालकाने चुकीचे टंकलेल्या नावासाठी, शुल्क घेणे न्याय्य नाही. नोंदणीच्या वेळची चूक कोणाची होती हे मूळ कागदांवरून ठरवता येते.

आणखी एक गोष्ट येथे नाही, आणि ती असावी असे मला तीव्रतेने वाटते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी ३१ डिसेंबर १९७४ रोजी स्वाक्षरी केलेल्या प्रायव्हसी ॲक्टमध्ये, केंद्रीय कार्यालयाने आपल्या नोंदीतील दुरुस्ती नाकारली तर वरिष्ठांकडे फेरविचार मागता येतो. तोही फेटाळला गेला तर आपले असहमतीचे लेखी निवेदन त्या नोंदीला जोडता येते, आणि पुढे ती नोंद कोणालाही देताना तो भाग वादग्रस्त आहे हे सांगून निवेदनाची प्रतही द्यावी लागते. न्यायालयाचे दारही उघडे असते. हा हक्क नागरिकांबरोबर कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांनाही आहे, म्हणजे तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या कितीतरी मराठी कुटुंबांना तो आज वापरता येतो. आपल्याकडे अर्ज नाकारला की कारण थोडक्यात कळते आणि पुन्हा नवा अर्ज करावा लागतो. ‘ही नोंद मला मान्य नाही’ असे नोंदीवरच लिहून ठेवण्याची जागा नाही. चाळीस-पन्नास शब्दांचे निवेदन साठवणे या यंत्रणेला जड नाही.

दाद मागण्याची बाजू सर्वांत दुबळी आहे. १९४७ हा मदत क्रमांक लक्षात राहणारा आहे आणि तक्रारीची स्थिती संकेतस्थळावर पाहता येते, परंतु तक्रार म्हणजे न्याय नव्हे. मूळ कायद्यात गुन्ह्याची फिर्याद फक्त प्राधिकरणाला करता येत होती. २०१८ च्या निकालानंतर २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने काही गुन्ह्यांसाठी आधारधारकालाही तो मार्ग दिला, ही मोठी सुधारणा होती. मात्र त्याच दुरुस्तीने आणलेली, एक कोटी रुपयांपर्यंत दंड करू शकणारी चौकशी आजही प्राधिकरणाच्या तक्रारीवरच सुरू होते. ज्याची माहिती वापरली गेली त्याला ती सुरू करता येत नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ यातून ही पोकळी भरेल असे अनेक जण म्हणतात. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून नागरिकांच्या हक्कांची कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात यायची आहेत. पण त्या कायद्यातील माहिती पाहण्याचा आणि दुरुस्त करण्याचा हक्क संमतीने दिलेल्या माहितीशी बांधलेला आहे; अनुदान, लाभ, दाखला किंवा परवाना देण्यासाठी शासन ज्या वेगळ्या तरतुदीखाली माहिती वापरते, ती कलमांच्या शब्दांवरून या हक्कांच्या कक्षेत बसत नाही. शिवाय केंद्र शासन अधिसूचनेद्वारे आपल्या संस्थांना त्या कायद्यातून सूट देऊ शकते. म्हणून आधार कायद्याची २८, ३१ आणि ३२ ही कलमे जुनी झाली असे समजू नये. सरकारी नोंदीपुरती तीच आज अधिक कामाची आहेत.

शेवटी दहावी-बारावीतील मुलांच्या पालकांसाठी एक सूचना. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी मुलांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, हे शाळा सांगतात. परंतु बालपणी आई-वडिलांनी काढलेला आधार क्रमांक अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत रद्द करून घेण्याचा अर्ज त्या मुलाला वा मुलीला करता येतो, ही २०१९ पासूनची तरतूद फारशी कोणी सांगत नाही. बहुतेक मुले तो अर्ज करणार नाहीत, आणि तसे करावे असे माझे म्हणणेही नाही. तरी अठरावा वाढदिवस झालेल्या प्रत्येक धारकाला प्राधिकरणाने मराठीत एक संदेश पाठवून हा पर्याय आणि त्याची अंतिम तारीख कळवावी, कारण सहा महिने उलटले की तो हक्क पुन्हा मिळत नाही.